एएनए निगेटिव्ह, मग ओठाचा तुकडा कशाला?

नमस्कार कोथरूडकर,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: डोळे कोरडे पडणं पुण्यात घरोघरी आहे, एसी, स्क्रीन, रस्त्यावरची धूळ, त्याला 'शोग्रेन' (शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू-लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) म्हणून मी लोकांना घाबरवते. शिवाय वहिनींचा एएनए (अशा आजारांसाठीची प्राथमिक रक्ततपासणी) निगेटिव्ह असताना डॉक्टरांनी ओठाची बायोप्सी, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासणं, सुचवली, ती निव्वळ बिलासाठी.

पहिल्या भागावर माझं तुमच्याशी भांडण नाही. हिंजवडीतल्या बहुतेकांचे डोळे स्क्रीनमुळेच चुरचुरतात. तोंड सुकायला तर सर्दीच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्याही पुरतात. म्हणून बरा डॉक्टर आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करायला लावतो. पण भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, दात हिरडीलगत किडताहेत, कानाखाली गाल सुजतोय, हे सगळं धुळीच्या माथी कसं मारणार?

आता बायोप्सी. शोग्रेन म्हणायला 2016च्या आंतरराष्ट्रीय निकषांत 4 गुण लागतात. खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून 5 मिनिटं बसवतात. ती 5 मिमी किंवा त्याहून कमी भिजली तर 1 गुण. डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या कोरड्या डागांचा 1, लाळ कमी असल्याचा 1. झाले 3. नुसत्या कोरडेपणावर गाडी इथेच अडते, म्हणजे तुमचे एसीवाले आपोआप बाहेर! पुढे जायला दोनच वाटा: रक्तातली अँटी-रो अँटिबॉडी किंवा ओठातल्या लाळग्रंथींची सूज, प्रत्येकी 3 गुण. बऱ्याच रुग्णांत अँटिबॉडी सापडत नाही, मग उरतो ओठ. हे निकष मुळात संशोधनासाठी केलेले, पण डॉक्टर विचार याच धर्तीवर करतात.

अँटी-रो पॉझिटिव्ह असताना कोणी सरसकट बायोप्सी सांगितली, तर जरूर प्रश्न विचारा. बाकी प्रकार छोटा असतो: ओठाच्या आतून, जागेवर भूल देऊन. माझा ओठ नंतर काही दिवस बधिर होता, चहा सांडायचा. क्वचित कुणाला ती बधिरता टिकतेही.

'नाव कळून काय फरक पडतो, थेंबच घालायचे ना?' असंही तुम्ही विचारलंय. पडतो. शोग्रेनमध्ये लिम्फोमाचा (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरचा) धोका वाढतो, फुप्फुसं-किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. अँटी-रो असलेल्या आईच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून गरोदरपणात ते आधीच माहीत असलेलं बरं.

आणि एएनए निगेटिव्ह असूनही अँटी-रो पॉझिटिव्ह निघू शकते. वहिनींच्या फाइलमध्ये 'एसएसए' (अँटी-रोचंच दुसरं नाव) किंवा 'रो' अशी वेगळी ओळ आहे का, तेवढं आज बघा. नसेल तर बायोप्सीआधी ती रक्ततपासणी करून घ्या.