जाब विचारलात, आता पाठ सोडू नका

गोव्यातल्या आमच्या आमदारांनी आरोग्य, शिक्षण आणि धंदा या तिन्हींवर सरकारला धारेवर धरलं, हे वाचून बरं वाटलं. पण पेडणे तालुक्यातल्या तुयेचं इस्पितळच घ्या. इमारत उभी राहिली तरी ते सुरू व्हायचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं. पेडण्याचा पेशंट म्हापशाला, तिथून बांबोळीला. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, ओपीडीत सकाळी जाऊन बघा, केसपेपरच्या रांगेत निम्मे लोक गावाहून पहाटेची बस पकडून आलेले असतात. दीनदयाळ स्वास्थ्य कार्डाचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं, कवच आहे, मान्य. पण जवळ डॉक्टरच नसेल तर नुसतं कार्ड काय चाटायचंय?

शाळांवर विरोधकांनीही फार उड्या मारू नयेत. 2011 साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान काँग्रेसच्या राजवटीत सुरू झालं, आणि 2012 मध्ये सत्तेत आलेल्या भाजपने ते चालूच ठेवलं. दोघांच्या कारभारात गावच्या मराठी-कोकणी शाळा ओस पडत गेल्या. (तेव्हा या अनुदानाविरुद्ध रस्त्यावर उतरलेली मंडळी आता कुठे आहेत, देव जाणे.)

धंद्याचं तर बोलूच नका. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 88 खाण-लीज रद्द केल्या. डिचोली, सांगे, केपेतल्या खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचे कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

आमदारसाहेब, पुढच्या अधिवेशनात हेच तारांकित प्रश्न म्हणून लावा, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागेल. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असं उत्तर आलं, तर तेही पेपरात छापून आणा.