जेलचं रिकामं पाकीट खिशात मावतं

आज सकाळी ग्रुपवर रविवारच्या हाफ मॅरेथॉनचे फोटो आले. धुक्यातला चढ, दोन्ही बाजूंना शेतं, फार सुंदर. रस्त्यावर पडलेल्या एनर्जी जेलच्या (धावताना ताकदीसाठी पिळून खातात ते गोड, चिकट जेल) रिकाम्या पाकिटांबद्दल मी लिहिलं, तर एकाचं उत्तर आलं, "रेस म्हटलं की एवढं चालतंच." तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

कोणाच्या घरी गेल्यावर असं चालतं का? चौदाव्या किलोमीटरच्या आसपास एक आजी वासराची दोरी धरून कडेला उभ्या होत्या. आपल्यासाठी रस्ता अडवलेला, म्हणून त्या थांबलेल्या. माझ्या पुढच्या धावपटूने जेल पिळून घेतलं आणि पाकीट सरळ बांधावर भिरकावलं. वासराने लगेच तिकडे तोंड नेलं. आजींनी दोरी खेचली, वाकून ते चिकट पाकीट उचललं आणि मुठीत धरलं. कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं त्यांनी!

मान्य, पाण्याच्या स्टेशनवर कप खाली पडतात. ते स्वयंसेवक उचलतात, त्यासाठीच ते तिथे असतात. पण दोन स्टेशनांच्या मध्ये, शेताच्या कडेला, कोण उचलणार? आणि पाकिटाचं फाडलेलं टोक, नखाएवढं, ते तर गवतात कोणालाच सापडत नाही. प्लास्टिक जनावराच्या पोटात गेलं की पचत नाही, साठत राहतं. हे मी इथे कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

खरं तर मला या रूटबद्दल लिहायचं होतं. असा रस्ता रोज मिळत नाही. चढावर घड्याळातला पेस, म्हणजे वेग, बघणं सोडून दिलं आणि नुसता श्वास ऐकत राहिले. उतारावर मांड्या भरून आल्या, तरी वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता आणि कुठेच गाडीचा आवाज नव्हता. २१.०९७५ किलोमीटर इतके हलके कधी गेले नव्हते. हे सगळं ज्यांच्या दारात आहे, त्यांनी सकाळची कामं अडवून आपल्याला वाट दिली. आजींनीही दिली. आणि आपण त्यांना काय दिलं, तर वासराच्या तोंडापासून ओढून घ्यावं लागेल असं पाकीट.

टायमिंगचं कारण तर सांगूच नका. भरलेलं पाकीट स्टार्टपासून कमरेच्या बेल्टमध्ये घेऊन धावता, मग रिकामं झाल्यावर ते जड होतं? मान्य, हात चिकट होतात. होऊ देत. सायकल रेसमध्ये २०२१ पासून कचऱ्यासाठी ठरवून दिलेल्या पट्ट्याबाहेर कचरा टाकला तर दंड आहे, आणि ते लोक आपल्या कितीतरी पट वेगाने जातात. सहारा वाळवंटातल्या मॅरेथॉन दे साब्ल या रेसमध्ये पाण्याच्या बाटलीवर धावपटूचा बिब नंबर (छातीवर लावतात तो) असायचा, म्हणजे टाकली कोणी ते लगेच कळायचं. आपल्याकडे पाकिटावर मार्करने नंबर लिहायला किती वेळ लागेल? बिब घ्यायला रांगेत उभे असतोच की.

आयोजकांना आज रात्री मेल करतेय. दोनच मागण्या आहेत: पाकिटावर बिब नंबर, आणि स्टेशनबाहेर कचरा टाकला तर निकालातून नाव बाद. कडक वाटेल काहींना, वाटू दे. ज्यांना पटतंय त्यांनी खाली नाव लिहा, मेलमध्ये घालते. "चालतंच" म्हणणाऱ्या मित्रा, तूही लिही. तुझा राग नाही मला, पण त्या वळणावर तू माझ्या मागे होतास, आजी तुलाही दिसल्या असणार.