बाजारात तुरी

काल रात्री साडेअकराला आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या चाहत्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला. ‘कन्फर्म्ड सेटलिस्ट! थेट क्रूमधल्या माणसाकडून. उडवायच्या आत बघून घ्या.’ खाली, शोमध्ये वाजणार म्हणून, चोवीस गाणी आणि प्रत्येकापुढे आगीचं चित्र. नवव्या नंबरावर ‘ब्लड ब्रदर्स’.

ब्लड ब्रदर्स!

अरे, ते गाणं 2000 सालच्या अल्बममधलं आहे. बँडने दौरा जाहीर केला तेव्हाच स्वच्छ सांगितलं की पहिल्या नऊ अल्बममधलीच गाणी घेणार, म्हणजे 1980 ते 1992. त्यापुढचं काही नाही. सप्टेंबर 2024 पासून ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण क्रूमधल्या माणसाला माहीत नाही! आणि दोनशे जणांच्या त्या ग्रुपवर, जिथे अर्धे लोक स्वतःला मेडनचे घरजावई समजतात, एकालाही ते खटकलं नाही. वीस जणांनी टाळ्या दिल्या. एकाने तर ती यादी आणखी तीन ग्रुपवर पाठवल्याचं अभिमानाने कळवलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी फोन उलटा ठेवून झोपलो असतो. पण त्या यादीत ‘फिअर ऑफ द डार्क’ नव्हतं, आणि त्या ग्रुपवर माझी भाची आहे. मीच तिला घेतलं होतं गेल्या महिन्यात. ताईकडे जर्मनीत असते. जन्म 2009 चा, म्हणजे मेडन भारतात शेवटचे आले त्याच वर्षीचा. आम्हा दोघांची 11 जुलै 2025 ची, तिथल्याच गेल्झेनकिर्शनच्या शोची तिकिटं आहेत. तिचा पहिला मेटल शो. पोरगी गेले सहा महिने त्या गाण्याच्या सुरुवातीची गिटारची धून रोज गुणगुणते आहे, कारण तिथे सगळं स्टेडियम ती धून एका आवाजात गातं हे तिने व्हिडिओत पाहिलंय. पाच मिनिटांत तिचा मेसेज आला, ‘मामा, फिअर ऑफ द डार्क काढलं का रे त्यांनी?’

मी ग्रुपवर विचारलं, हे कुठून आलं? उत्तर आलं, ‘अरे चिल, मजा म्हणून बनवली.’

मजा म्हणून! मग वर कन्फर्म्ड कशाला लिहिलंस? क्रूचा माणूस कुठून पैदा केलास? पुड्या सोडायच्या, लोकांची झोप उडवायची आणि पकडलं की चिल. हे कमी होतं म्हणून दुसरे एक जुनेजाणते पुढे सरसावले, ‘तसंही ते गाणं आता ऐकवत नाही यार. नवशिक्यांसाठी आहे. काढलेलंच बरं.’

हे जे आहे ना, हे माझ्या डोक्यात गेलंय. रात्री दोनपर्यंत झोप लागली नाही.

नवशिक्यांसाठी म्हणजे काय रे? तू कधीतरी नवशिक्या नव्हतास? पोटातून वेकनच्या मेटल फेस्टिव्हलचा पट्टा बांधूनच आलास? तुझं झालंय ना ऐकून, चार देशांत सहा वेळा, तर त्या गाण्याला लघवीला जा, बिअर आण, काय वाट्टेल ते कर. पण जिने एकदाही प्रत्यक्ष ऐकलेलं नाही तिच्या ताटातून ते काढायचा अधिकार तुला दिला कुणी? हा बँड आपल्याकडे 2009 च्या फेब्रुवारीत बंगळूरला वाजवून गेला तो गेलाच. सोळा वर्षं! या सोळा वर्षांत इथे एक अख्खी पिढी युट्यूबवर मेडन ऐकत मोठी झाली. त्यांनी कुठलंच गाणं प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. त्यांना ‘द ट्रूपर’सुद्धा नवीनच आहे. आणि इथे बसून हे ठरवणार की अमुक शिळं झालं, तमुक गाळा.

डीप कट, डीप कट (म्हणजे सहसा न वाजणारी गाणी) करून कान किटवलेत. हाच तो घोळका, जो सदतीस वर्षं ‘अलेक्झांडर द ग्रेट’साठी रडत होता. 1986 चं गाणं, बँडने कधी स्टेजवर वाजवलंच नव्हतं. वाजवलं एकदाचं 2023 ला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या ती पहिली क्लिप बघून. आणि यांनी पंधरा दिवसांत नवीन टाहो फोडला की ‘नंबर ऑफ द बीस्ट’ नाही, ‘रन टू द हिल्स’ नाही, हा काय सेट झाला! पंधरा गाण्यांत साडेआठ मिनिटांचा अलेक्झांडर बसवायचा तर दुसरं काहीतरी बाहेर राहणारच ना? 2006 ला त्यांनी अख्खा नवा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, तेव्हा जुनी गाणी हवी म्हणून बोंब. जुनी वाजवली की तेच तेच म्हणून बोंब.

काल त्या चोवीस गाण्यांची मी कागद-पेन घेऊन बेरीज केली. ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ 13 मिनिटांच्या वर, ‘सेव्हन्थ सन’चं शीर्षकगीत दहाच्या आसपास, अलेक्झांडर साडेआठ, ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ सात. सगळं धरून अडीच तासांच्या पुढे, आणि त्यात गायक ब्रूस डिकिन्सनचं मधलं बोलणं धरलेलंच नाही. मेडनचा शो दोन तासांचा असतो. ब्रूस सहासष्ट वर्षांचा आहे, दहा वर्षांपूर्वी जिभेच्या कॅन्सरमधून उठून आलेला. बासिस्ट स्टीव्ह हॅरिस एकोणसत्तरचा. यांच्याकडून हे चोवीस गाणी मागणार, वर ‘एसेस हाय’ मूळ पट्टीतच हवं. जरा माणूस म्हणून बघा त्यांच्याकडे.

आणि ड्रमर निको मॅकब्रेनबद्दल जे चाललंय ते तर ऐकवत नाही. बेचाळीस वर्षं ड्रम वाजवले त्या माणसाने. 2023 च्या जानेवारीत स्ट्रोक आला, अर्धं अंग लुळं पडलं, तरी त्याच मे महिन्यात स्टेजवर बसला. 2024 च्या डिसेंबरमध्ये साओ पाउलोला शेवटचा शो करून थांबला. आता त्याच्या जागी सायमन डॉसन येतोय, तर त्याने एक ठोका वाजवायच्या आत यांचा निकाल तयार, हे जमणार नाही, ते झेपणार नाही, ‘व्हेअर ईगल्स डेअर’ विसरा. तो हॅरिसच्या ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडमध्ये कित्येक वर्षं वाजवतोय. हॅरिसला कळत नाही आणि तुम्हाला खुर्चीत बसून कळतं! मेडनचा जुना गायक पॉल डियानो 2024 च्या ऑक्टोबरमध्ये वारला. त्याच्या दोन अल्बममधलं काही वाजलं तर मला भरून येईल. पण त्यावरही इथे पैजा लागल्यात की कुठलं गाणं ‘श्रद्धांजली स्लॉट’मध्ये पडणार. स्लॉट म्हणे.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? 1 फेब्रुवारी 2008, शुक्रवार, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स. मी तिथे होतो. तो त्या वर्षीच्या दौऱ्याचा पहिलाच शो होता, जगातला पहिला. ब्रूस स्वतः बोइंग 757 उडवत घेऊन आला होता. त्या संध्याकाळी काय वाजणार हे लंडनमधल्या चाहत्याला माहीत नव्हतं, न्यू यॉर्कमधल्या नव्हतं. आम्ही मुंबईच्या धुळीत उभे होतो आणि आम्हाला सगळ्यांच्या आधी कळणार होतं. अंधार झाला, स्पीकरवर चर्चिलचं रेकॉर्ड केलेलं भाषण सुरू झालं आणि माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझा दंड धरून ओरडायला लागला. मध्यावर ‘राइम’ आलं. त्यातला तो भाग असतो ना, सगळी वाद्यं मागे सरतात आणि नुसता जहाजाच्या लाकडाचा करकर आवाज येत राहतो, तिथे हजारो लोक चिडीचूप झाले होते. माझ्या हातापायांना मुंग्या आल्या होत्या. आदल्या रात्री कुणी नंबर घालून यादी हातात दिली असती, तर मी आठवं गाणं म्हणून त्याची वाट बघत उभा राहिलो असतो.

तेच मला पोरीला द्यायचं होतं. मेडन दौराभर सहसा सेट बदलत नाहीत. पडदे, दिवे, त्यांचा मास्कॉट एडी स्टेजवर कधी येणार, सगळं गाण्यांना बांधलेलं असतं. म्हणजे 27 मे 2025 ला बुडापेस्टला पहिला शो झाला की खरी यादी बाहेर पडणार आणि मग लपून राहणार नाही. त्याआधीचे हे थोडे दिवसच काय ते कोरे असतात. त्यातही हे लोक खोट्या याद्या कोंबणार, भांडणार, एकमेकांच्या आया-बहिणी काढणार. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

फिअर ऑफ द डार्क वाजेल की नाही मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि तसंच राहू द्या. भाचीला मी रात्रीच लिहिलं की ती यादी खोटी आहे, तू धून म्हणत राहा. तिने विचारलं, ‘नक्की?’ यादी खोटी हे नक्की, बाकी 11 तारखेला बघू, एवढंच सांगू शकलो. सकाळी आम्ही दोघंही त्या ग्रुपमधून बाहेर पडलो. 26 मेच्या रात्रीपासून इन्स्टा, युट्यूब सगळं बंद. मला कुणी बुडापेस्टचा व्हिडिओ पाठवला, तर ओळख विसरेन.

आणि नवव्या नंबरावर ब्लड ब्रदर्स कसं आलं, याचं उत्तर त्या महाशयांनी मी ग्रुप सोडेपर्यंत दिलेलं नव्हतं.