सिस्टरला समज नको, वेळ द्या

आज आईला डिस्चार्ज मिळाला. बिलाच्या काउंटरवर झाला प्रकार सांगितला, तर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, त्या सिस्टरला आम्ही समज देतो." डोकंच फिरलं माझं. समज कसली देताय? तिला पंधरा मिनिटं द्या!

रात्रीचे आठ, ड्युटी बदलायची वेळ. आईला मळमळत होतं, जेवणाचं ताट तसंच परत गेलेलं. दुपारच्या सिस्टरला हे माहीत होतं. पण तिने ओव्हर द्यायचं, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवायची, ती कशी? काउंटरपाशी उभ्याउभ्या, अख्ख्या वॉर्डाचं, मध्येच फोन, मध्येच कुणाचं सलाईन संपलेलं, आणि बाहेर नाशिकरोडची सिटीलिंक बस चुकायची धास्ती. नाइटची सिस्टर इन्सुलिन भरून आली. ट्रीटमेंट शीटवर होतंच ते. आई म्हणाली, "अगं बाई, मी घासभरही खाल्लेलं नाही," म्हणून टळलं. उपाशीपोटी ते इन्सुलिन गेलं असतं तर शुगर कुठवर उतरली असती? आई बोलू शकत होती. शेजारच्या बेडवरच्या आजींना बोलताच येत नव्हतं. त्यांच्या वतीने कोण बोलणार होतं?

आणि नेमकं आठलाच सिक्युरिटीवाला "नातेवाईक बाहेर व्हा" म्हणत फिरतो. माझ्याकडे पास होता म्हणून मी आत होते. खरं तर तेव्हाच आम्हाला आत थांबू द्या. दोघी सिस्टरांना बेडपाशी येऊ द्या, पेशंटसमोर बोलू द्या: आता काय चाललंय, आधी काय झालं, तुला काय वाटतं, पुढे काय करायचं. एसबार म्हणतात याला, अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून हॉस्पिटलांत आलेली पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यात ओव्हर नीट देणं हा एक. राज्याचं आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशिकच्या म्हसरूळला आहे, आणि आपल्याच गावात हे असं?

काही जणी ओव्हरच्या वेळी गप्पाही मारतात, बरं, मान्य.

पण त्या नाइटच्या सिस्टरचा चेहरा मी पाहिलाय. एकदम पांढरी पडली पोरगी. रात्रभर पुन्हा पुन्हा येऊन आईची शुगर बघत होती, पहाटे स्वतः बिस्किटं घेऊन आली. तिच्यावर काय रागवायचं?

राग ड्युटीचा तक्ता करणाऱ्यांवर आहे. एकीची ड्युटी आठला संपते, दुसरीची आठलाच सुरू होते. मग ओव्हर कुणाच्या वेळात द्यायचं? त्यांच्याच ना, बिनपगारी! मजल्यामजल्यावर संगमरवर घालायला पैसे आहेत, या पाव तासाला नाहीत.

माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या ज्यांची इथे हॉस्पिटलं आहेत, त्यांनी पुढच्या महिन्याच्या तक्त्यात दोन ड्युट्या पंधरा मिनिटं एकमेकींवर चढवा आणि त्या पंधरा मिनिटांचा पगार द्या.