'बंद करून चालू करा' म्हणणाऱ्या अनामित वाचकास

अनामित महोदय (की महोदया? नाव लिहायची तसदी आपण घेतलेली नाही),

सिस्टीम ॲडमिनवरच्या (म्हणजे ऑफिसचे संगणक आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांवरच्या) माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "बंद करून चालू करा एवढं सांगायचा पगार घेतात, वर कौतुकही हवं? क्लाउड आल्यावर ही जमात हवीच कशाला? आणि लेख फार लांबलाय." लेख लांबलाय, मान्य. पण 'जमात'? मत वेगळं असू द्या हो, बोलायची काही रीत असते की नाही?

तर, बंद करून चालू करणं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले. आपल्याकडे इंडिगोने हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, ते फोटो आपणही फॉरवर्ड केले असतील. कंपनीने अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं. पण जे मशीन सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? बहुतेक ठिकाणी कुणीतरी एकेका मशीनपाशी बसून ते सेफ मोडमध्ये (अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर) चालू केलं, अपडेटमधली सदोष फाइल शोधून उडवली. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की टाइप करा. आणि त्या कीज ज्या सर्व्हरवर ठेवल्यात तोच निळ्या पडद्यावर अडकून बंद पडला असेल तर बसा बोंबलत.

गंमत पुढेच आहे. ॲझूरवरच्या व्हर्च्युअल मशीनसाठी (म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालणाऱ्या आभासी संगणकांसाठी) मायक्रोसॉफ्टने सुचवलेला एक उपाय होता रीस्टार्ट, आणि काही ग्राहकांना तो पंधरा वेळांपर्यंत करावा लागला होता. घ्या, जिंकलात! ॲझूर म्हणजे क्लाउडच, त्यामुळे आपल्या दुसऱ्या मुद्द्यावर वेगळं लिहीत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मार्च २०२० मध्ये सगळे थाळ्या वाजवत होते तेव्हा मी ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये होतो. व्हीपीएनची (घरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणाऱ्या सोयीची) लायसन्स मोजकी, आणि सोमवारपासून अख्खं ऑफिस घरून काम करणार. केलं. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये शेरा आला, 'उल्लेखनीय काही नाही.' तेव्हा पगार कशाचा मिळतो हे मला तरी शिकवू नका.

आपली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुढच्या वेळी मात्र नावानिशी या.