म्हणे!

सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग आटोपून घरी आलो. आई गवार मोडत बसली होती. "काय ठरलं?"
मी म्हटलं, "दिवाळीत चावी देणार म्हणे."
मान वर न करता ती म्हणाली, "म्हणे दिवाळीत चावी देणार!"

शब्द तेच. फक्त माझ्या वाक्यात शेवटी असलेलं 'म्हणे' आईनं उचलून पुढं ठेवलं. शेवटी होतं तोवर मी नुसता निरोप्या होतो, खरंखोटं बिल्डर जाणे. पुढं आलं आणि बिल्डर थेट खोटा पडला. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढलेल्या बाईला त्यासाठी एक अक्षरही जास्तीचं लागलं नाही.

अविश्वास दाखवायला 'छे', 'हॅट्', 'काहीतरीच' असे कितीतरी शब्द आहेत आपल्याकडे. पण ते सगळे तोंडावर दार आपटतात. 'म्हणे' दार किलकिलं ठेवतं. मला सगळ्यात आवडतं ते स्वतःबद्दलचं 'म्हणे'. "मी म्हणे लहानपणी भिंतीचा चुना खायचो." आठवत मला काहीच नाही, मग छातीठोक कसं सांगू? आणि तेच "मी म्हणे उद्धट!" असं आलं की समजावं, कुणाला तरी चांगलंच लागलंय.

गंमत बघा, गाथेतल्या साडेचार हजारांवर अभंगांत पानोपानी 'तुका म्हणे' येतं, आणि तिथे शंकेला तसूभरही जागा नाही. तिथे बोलणारा स्वतः नाव लावून उभा असतो. आपल्या रोजच्या 'म्हणे'तून नेमका तो बोलणाराच गळालाय. कोण म्हणे? लोक म्हणे.

शेजाऱ्यांकडेही ही सोय आहे. कन्नडवाले क्रियापदाला 'अंते' जोडतात, कोकणीत 'खंय' येतं. ऐकीव माल ऐकीव म्हणूनच विकायचा, ही या पट्ट्यातली जुनी रीत असावी.

माझी तक्रार आहे ती व्हॉट्सॲपबद्दल. नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला, अमुक पाला उकळून प्यायला की शुगर जाते. हेच काकूनं ओट्याशी उभं राहून सांगितलं असतं तर "जाते म्हणे" असंच सांगितलं असतं. फॉरवर्ड करताना मात्र तिचंही 'म्हणे' गळतं, कारण तिनं वाक्य रचलेलंच नसतं, नुसतं बोट दाबलेलं असतं. त्या बिनम्हण्याच्या 'जाते'वर विसंबून मामानं आठवडाभर गोळ्या बंद ठेवल्या. शेवटी चक्कर येऊन जिन्यात बसला, तेव्हा कुठे घरात कळलं. काकूला विचारलं तर म्हणते, "मी कुठं म्हटलं? मी फक्त पुढं पाठवलं."

पुढची मीटिंग रविवारी होती. निघताना आईनं हाक मारून थांबवलं. "दिवाळी म्हणालेत ना, मग साल विचारून ये."