सिबिल 'क्लिअर' करून देणाऱ्यांनो, पुरे आता!

विश्रामबागेपासून मार्केट यार्डापर्यंत विजेच्या खांबांवर तेच ते: 'सिबिल क्लिअर करून मिळेल.' सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी, तिथलं काय क्लिअर करता हो? खरोखर थकवलेला हप्ता कुणाच्या बापाला पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायला एक रुपयाही लागत नाही!

आमच्या मामांचं ट्रॅक्टरचं कर्ज कधीच नील झालं, नो ड्यूजचा दाखला हातात आहे, तरी सिबिलच्या रिपोर्टवर थकबाकी. एका एजंटनं त्यांच्याकडून पाच हजार उकळले. केलं काय? सिबिलच्या वेबसाइटवर तक्रार टाकली. जी फुकट टाकता येते!

सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, क्रिफ हाय मार्क, अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची, नाहीतर पुढे रोज १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरी दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तोही मोफत. मग बँकवाल्यांनो, हे शाखेतल्या फलकावर ठळक का लिहीत नाही? उलट काउंटरवरचाच माणूस हळूच एजंटचा नंबर देतो, त्यानं तर डोकंच फिरतं. अरे, चूक तुमची आणि भुर्दंड मामांना?